पिशवी, पडदा आणि माहेरचा घाट

पत्र, थोडक्यात: वय 28. सासर कराडजवळ, नोकरी पतसंस्थेत. गेल्या वर्षी नवव्या आठवड्यात गर्भपात झाला. त्यानंतर नळ्या तपासायचा एक्सरे काढला, त्यात 'पिशवीत पडदा असावा' असं लिहून आलं. पुढचं काही ठरायच्या आत पुन्हा दिवस राहिले. आता सतरावा आठवडा चालू आहे. या खेपेच्या सोनोग्राफीत मात्र 'बायकॉर्नुएट युटेरस', म्हणजे दोन शिंगांची पिशवी, असं लिहिलंय. डॉक्टर एवढंच म्हणाले, 'जपून राहा.' सासूबाई म्हणतात, माहेरच्यांनी माहीत असून लग्न लावून दिलं. जाऊबाईंच्या मते आधीच ऑपरेशन करून घ्यायला हवं होतं. नवरा म्हणतो, 'बघू.' पत्र लिहिणारी तीन आठवडे डाव्या कुशीवर पडून आहे आणि राजीनामा लिहून तयार आहे. माहेर पाटण तालुक्यात वरच्या अंगाला, कराडपासून घाटरस्त्याने दीड तासावर. पहिलं बाळंतपण म्हणून आईने माजघराला नवी फरशी घालून घेतलीय. ती विचारते: 'बाळ पूर्ण दिवसांचं होईल का? मी हलू की नको? नोकरी सोडू का? सातव्यात माहेरी जाऊ ना? आणि हा माझा दोष कुणाकुणाला सांगू?'

---

तू मला 'मावशी' म्हटलं आहेस, तेव्हा अगं-तुगंच करते.

आधी ते 'जपून राहा' बाजूला ठेवू. आमच्या व्यवसायातलं हे सगळ्यांत आळशी वाक्य आहे आणि इतक्या वर्षांत मीही ते किती जणींना ऐकवलं असेल, मोजदाद नाही. बाहेर चाळीस जणी ताटकळत असल्या की तेच तोंडात येतं. डॉक्टरला म्हणायचं असतं, 'तपासणी चुकवू नको.' ऐकणारीला ऐकू येतं, 'हललीस तर बाळ गेलं.' मग तुझ्यासारखी धडधाकट मुलगी तीन आठवडे एका कुशीवर पडून छताचे वासे मोजत बसते.

दुसरं, तुझ्या पत्रात 'दोष' हा शब्द सात वेळा आलाय. मी मोजले. तेव्हा ही पिशवी अशी होते कशी, ते सांगते.

तू कराडकडची, प्रीतिसंगमावर कितीदा गेली असशील. कृष्णा एकीकडून येते, कोयना समोरून, दोघी समोरासमोर भेटतात आणि वळून एकाच पात्राने पुढे जातात. मुलीची गर्भपिशवी आईच्या पोटात अशीच घडते. डावीकडून एक नळी, उजवीकडून एक. दोघी मध्ये येऊन जुळतात, खाली त्यांची एक पिशवी होते, वरची टोकं दोन गर्भनलिका म्हणून राहतात. जुळल्यावर काही काळ मध्ये पडदा असतो, तो हळूहळू विरतो. नळ्या वरच्या अंगाला पुरत्या जुळल्या नाहीत तर दोन शिंगांची पिशवी, हृदयाच्या चित्रासारखी. जुळल्या, पण पडदा विरला नाही, तर पडद्याची पिशवी. एकच नळी वाढली तर एका बाजूची. हे सगळं तुझ्या आईला पाचवा महिना लागेपर्यंत उरकलेलं होतं. पोटात मुलगा आहे की मुलगी हेही तिला ठाऊक नव्हतं, पिशवीचा आकार कुठून कळणार? पुढे तू वयात आलीस, पाळी सुरू झाली, महिन्याच्या महिन्याला आली. बाहेरून कसली खूण नाही. साध्या सोनोग्राफीतसुद्धा हे निसटतं. त्यामुळे लपवलं म्हणायला आधी कुणाला माहीत असायला हवं.

शंभरातल्या पाचेक बायकांच्या पिशवीची ठेवण पुस्तकातल्या चित्राहून कमी-जास्त वेगळी असते. पुष्कळ जणींना ते जन्मभर कळत नाही. एक बाई मला अजून आठवते. दोन मुलं घरीच सुइणीच्या हातून झालेली, तिसऱ्याच्या वेळी बाळ आडवं म्हणून रात्री बैलगाडीतून आणि मग जीपमधून आणलेली. सिझर केलं, बाळ काढलं, टाके घालायला पिशवी वर घेतली तर मधोमध चांगली खोल खाच, दोन बाजूंना दोन शिंगं. भूल देणारे डॉक्टर पडद्याआडून डोकावून बघत होते. सकाळी मी तिला सांगितलं, तर म्हणाली, 'बाई, आता तिसरं झाल्यावर सांगून काय उपयोग?'

सासूबाईंना हे समजावण्याचं काम तू अंगावर घेऊ नको. ते तुझ्या नवऱ्याचं. पुढच्या तपासणीला त्याला सोबत ने, जमलं तर सासूबाईंनाही, आणि डॉक्टरांनाच विचारू दे, 'हे लग्नाआधी कळलं असतं का?' उत्तर पांढऱ्या कोटातून आलं की घरात वेगळं ऐकू येतं. खरं तर तसं असू नये, पण असतं. बाकी शेजारीपाजारी, भिशीतल्या बायका, यांना सांगायची काहीच गरज नाही. ज्यांना सांगायलाच हवं त्यांची नावं पुढे येतील.

आता दोन रिपोर्ट. एक्सरेत 'पडदा', सोनोग्राफीत 'दोन शिंगं', मग खोटं कुणाचं? बहुधा कुणाचंच नाही. नळ्यांच्या एक्सरेत औषध आत सोडतात आणि आतली पोकळी कशी भरते तेवढंच दिसतं. पिशवी बाहेरून कशी आहे ते दिसत नाही, आणि या दोन प्रकारांतला फरक बाहेरच असतो. पडद्याच्या पिशवीचा माथा बाहेरून जवळपास सपाट असतो, दोन शिंगांच्या पिशवीला वरून सेंटीमीटरहून जास्त खोल खाच असते. ते कळायला थ्रीडी सोनोग्राफी किंवा एमआरआय लागतो आणि तोही दिवस राहिलेले नसताना नीट कळतो. आता बाळ वाढतंय, पिशवी ताणली जातेय, आज त्या भांडणाचा निकाल लागणार नाही आणि लावायची घाईही नाही. येत्या पाच महिन्यांत करायचं ते दोन्हींत जवळपास सारखंच आहे.

जाऊबाईंचं 'ऑपरेशन करायला हवं होतं' हे तुला सगळ्यांत जास्त लागलंय, असं वाटलं. त्यांना वाटतं तितकं ते सरळ नाही. तुझी पिशवी खरंच दोन शिंगांची असेल तर कापायला पडदाच नाही. पडदा समजून आतून कात्री चालवली असती तर पिशवीला भोक पडण्याची भीती होती. पोट उघडून दोन शिंगं एकत्र शिवायची एक जुनी शस्त्रक्रिया आहे, ती आता क्वचितच करतात. आणि समज, पडदाच आहे. तो कापून फायदा होतो, असं आम्ही वर्षानुवर्षं धरून चाललो होतो. मग नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी इतर देशांतल्या सहकाऱ्यांसोबत चिठ्ठ्या टाकून स्त्रियांचे दोन गट केले, एकीकडे पडदा कापला, दुसरीकडे तसाच ठेवला. 2021 साली निकाल आला. कापलेल्या गटात 31 टक्के जणींना बाळ झालं, न कापलेल्या गटात 35 टक्के. एकूण स्त्रिया 80च होत्या, एवढ्याशा आकड्यावर कायमचा निकाल देता येत नाही, आणि वारंवार गर्भपात होणाऱ्यांसाठी काही डॉक्टर आजही पडदा काढतात. पण 'तू केलं नाहीस म्हणून' असं तुला कुणी ऐकवावं, एवढं भक्कम त्यात काही नाही.

गेल्या वर्षीचं बाळही तू याच खात्यावर टाकलं आहेस. कशावरून? दिवस राहिल्याचं कळलेल्या बायकांपैकी शंभरातल्या दहा ते वीस जणींचा गर्भ पडतो, बहुतेकींचा पहिल्या तीन महिन्यांत, आणि त्यातल्या निम्म्यांच्या मुळाशी गर्भाच्या गुणसूत्रांतली चूक असते. एक गर्भपात, तोही नवव्या आठवड्यात. त्याचं कारण पिशवीच होती, असं मी तरी म्हणणार नाही. पडदा असेल तर लवकरच्या गर्भपाताशी त्याचा संबंध जास्त लावतात. दोन शिंगांच्या पिशवीचा त्रास बहुधा नंतर येतो.

तो नंतरचा त्रास कुठला, ते सांगते. जागा आडव्या अंगाने कमी पडते, म्हणून बाळ लवकर बाहेर येऊ बघतं. फिरायला जागा नाही, म्हणून डोकं खाली करत नाही, पायाळू राहतं. कधी वाढ मागे पडते. कधी पिशवीचं तोंड वेळेआधी आखूड होतं. होईलच असं नाही, शक्यता इतरांहून जास्त. अशा कितीतरी बायका नवव्यात पोचतात. काही आठव्यात बाळंत होतात, बाळ काही दिवस पेटीत राहतं आणि घरी येतं. काहींचं लवकर होतं आणि तेव्हा सगळा खेळ एकाच गोष्टीवर येतो, त्या क्षणी तू कुठे आहेस. तुझ्या पत्रातला माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा शब्द 'बायकॉर्नुएट' नाही. तो आहे 'दीड तास'.

आधी पलंगाचं बोलू. पडून राहिल्याने दिवस लांबतात, असं कुठल्याही नीट अभ्यासात दिसलेलं नाही. उलट पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती वाढते, स्नायूंतली ताकद जाते, मन खचतं. ऊठ. घरातली साधी कामं कर, संध्याकाळी चाल. पाण्याची कळशी उचलू नको, पिठाचा डबा माळ्यावर चढवू नको, दिवसभर उभी राहू नको. डावी कूस झोपताना बरी, तिचं व्रत करू नको. नवरा-बायकोच्या संबंधांबद्दल तू विचारलं नाहीस, विचारायचं होतं असं वाटलं. रक्तस्राव नसेल, वार खाली नसेल, पिशवीचं तोंड आखूड नसेल तर सरसकट बंदी नाही. डॉक्टरांना मोकळेपणाने विचार.

'जपून राहा'च्या जागी हे घे. आजपासून चोविसाव्या आठवड्यापर्यंत साधारण दर दोन आठवड्यांनी पिशवीच्या तोंडाची लांबी मोजून घे. ही सोनोग्राफी आतून करावी लागते, पोटावरून नीट मोजता येत नाही. दुखत नाही, बाळाला धक्का लागत नाही. लांबी 25 मिलिमीटरच्या खाली गेली तर डॉक्टर आतून ठेवायच्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देतील किंवा तोंडाला टाका घालायचा विचार करतील. पिशवीचा आकार वेगळा आहे एवढ्यावरच सगळ्यांना टाका घालत नाहीत. कुणी लगेच टाका सुचवला तर 'लांबी किती आली?' एवढं विचार. अठरा ते वीस आठवड्यांची बाळाच्या अवयवांची सोनोग्राफी सगळ्यांसारखी तुझीही. त्याच वेळी तुझ्या स्वतःच्या किडन्या बघायला सांग. पिशवी आणि किडनी पोटात शेजारीशेजारी घडतात, त्यामुळे अशा काही बायकांना एकच किडनी असते. एका किडनीवर आयुष्य सुखाने जातं, फक्त डॉक्टरला ठाऊक हवं. अठ्ठाविसाव्यानंतर बाळाची वाढ मधूनमधून मोजायची. खर्चाचा प्रश्न असेल तर दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथे सगळे रिपोर्ट घेऊन जा.

आणि एक सवय लाव. दुपारी जेवून टेकलीस की तळहात पोटावर ठेव. पोट मधूनच दगडासारखं टणक होतं, सैल पडतं. दिवसातून चारदोनदा, कसंही, दुखल्याशिवाय, तर काळजी नाही. पण नियमाने, दर दहा मिनिटांनी होऊ लागलं, कंबर येऊन-जाऊन दुखू लागली, खाली दाब आल्यासारखं वाटलं, पाणी गेलं, रक्त दिसलं, तर 'सकाळपर्यंत वाट बघू' नाही. 'गॅस झाला असेल, ओवा खा' नाही. तडक रुग्णालय. घरची गाडी नसेल तर 108.

एवढी घाई का, तर चोविसाव्या ते चौतिसाव्या आठवड्यात कळा सुरू झाल्या तर बाळाची फुप्फुसं पिकवायला आईला इंजेक्शनं देतात. डेक्सामेथासोनची चार, बारा-बारा तासांनी. औषध स्वस्त, सरकारी दवाखान्यातही मिळतं, आणि लवकर जन्मलेल्या बाळाला त्याच्याइतकं उपयोगी पडणारं फार थोडं आहे. पण त्याला वेळ लागतो. पहिलं ते चौथं इंजेक्शन यातच छत्तीस तास जातात. तू कळा सुरू झाल्यावर दोन तासांत पोचलीस तर कळा थोड्या थोपवून तेवढा वेळ काढता येतो. रात्री अकराला वरच्या वाडीत दुखायला लागलं, गाडी शोधण्यात बारा वाजले, पावसात घाट उतरून दीडला पाटणात आणि तिथून पुढे कराड, तर तो वेळ रस्त्यातच गेला. शिवाय बाळ वाटेत झालं तर त्याला ऊब कोण देणार? तुझं पोट हीच तोवरची पेटी. बाळ पोटात असतानाच मोठ्या रुग्णालयात पोचलेलं बरं.

म्हणून माहेराबद्दल माझं मत: सातव्यात वर जाऊ नको. सव्विसाव्या आठवड्यानंतर, जिथे काचेची पेटी, रात्री भूल देणारे डॉक्टर आणि रक्त या तिन्ही गोष्टी आहेत अशा रुग्णालयापासून अर्ध्या तासाच्या आत राहा. कराडात ती सोय आहे. तू सध्या दाखवतेस तिथे नवजात बाळांचा विभाग नसेल तर आताच, घाई नसताना, जिथे आहे तिथे एकदा नाव घालून ठेव. आईला वाईट वाटेल. पहिलं बाळंतपण माहेरी ही रीत मलाही प्यारी आहे, त्या रीतीत मुलीला विसावा मिळतो, सासरच्या घरात तो मिळत नाही. तोच विसावा जपायचा असेल तर आईलाच तुझ्याकडे आण. सातव्यापासून तिला महिना-दोन महिने कराडला राहू दे. सासूबाई आणि आई एका स्वयंपाकघरात, हे सोपं नाही, मला कळतंय. कुणा नात्यातल्यांची खोली किंवा दोन महिने भाड्याची खोली मिळाली तर तेही बघ. हे ठरवायचं काम 'बघू' म्हणणाऱ्या तुझ्या नवऱ्याला दे. रुग्णालय, पैसे, रात्रीची गाडी, रक्तगट जुळणारी दोन माणसं. त्याला वाटत असेल की आपल्याला करण्यासारखं काही नाही. आहे.

डोहाळजेवण खुशाल कर. फक्त घरी, तासाभराचं.

नोकरीचा राजीनामा फाड. कायद्याने तुला 26 आठवड्यांची पगारी रजा आहे, त्यातल्या जास्तीत जास्त आठ बाळंतपणाच्या आधी घेता येतात. गरोदरपणातून आलेलं आजारपण किंवा मुदतीआधीची प्रसूती असेल तर डॉक्टरांच्या दाखल्यावर आणखी एक महिना मिळतो. संस्थेत दहा किंवा जास्त माणसं कामाला असली की हा कायदा लागतो. गेल्या वर्षीच्या गर्भपातानंतर सहा आठवड्यांची रजा तुला होती, ती कुणी सांगितली होती का? नसेलच. व्यवस्थापकांना 'दोन शिंगांची पिशवी' सांगायची गरज नाही. 'जोखमीचं गरोदरपण' एवढा डॉक्टरांचा दाखला पुरे. काउंटरवरून उठवून बसायचं काम माग.

प्रसूती कशी होईल, हे छत्तिसाव्यात बघू. डोकं खाली असेल, बाकी ठीक असेल तर पिशवीच्या आकाराखातर सिझर करायचं कारण नाही. बाळ पायाळू राहिलं तर बहुधा सिझर. बाहेरून हात लावून बाळ फिरवायचा प्रयत्न अशा पिशवीत सहसा करत नाहीत, आणि गावातल्या कुणा म्हातारीला तर तो अजिबात करू देऊ नको. पायाळू माणसाने पाय लावला की उसण बरी होते म्हणतात. बघ, घरचा वैद्य मिळेल.

आता ज्यांना सांगायलाच हवं ते. नाव घातलेल्या रुग्णालयात पहिल्याच दिवशी केसपेपरवर लिहून घे, कारण अशा पिशवीत वार कधी अडकते, रक्त जास्त जाऊ शकतं. आणि तांबी! सरकारी रुग्णालयात बाळंतपणानंतर लगेच तांबी बसवायचा आग्रह असतो. चांगली सोय आहे, पण वेड्यावाकड्या पोकळीच्या पिशवीत ती बसवत नाहीत. विचारलं की स्पष्ट सांग, दुसरं साधन घेईन. सिझर झालंच तर ऑपरेशनआधी डॉक्टरांना म्हण, 'पिशवी बाहेरून कशी दिसली ते डिस्चार्ज कार्डावर लिहा.' एक्सरे आणि सोनोग्राफीचं भांडण तिथे डोळ्यांनी मिटतं, आणि पुढच्या खेपेला कुणी 'पडदा कापू' म्हणालं तर तुझ्या हातात कागद असतो.

हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या रिपोर्टवर 'युनिकॉर्नुएट', म्हणजे एका बाजूची पिशवी, असं असेल तर तिला एक वेगळी सूचना. बाजूला लहानसं अर्धवट शिंग आहे का आणि गर्भ त्यात तर नाही ना, हे सुरुवातीच्या सोनोग्राफीतच विचारून घ्या. गर्भ त्या शिंगात वाढला तर ते फुटतं, आणि ते जिवावरचं असतं. ज्यांना अजून दिवस राहिलेले नाहीत आणि रिपोर्टमध्ये नुसतं 'पडदा असावा' लिहिलंय, त्यांनी ऑपरेशनची तारीख घेण्याआधी थ्रीडी सोनोग्राफी करून घ्यावी.

तुझ्या आईला आज फोन कर आणि हे तूच सांग, सासूबाईंच्या तोंडून जायच्या आत. आधी ती रडेल. मग विचारेल, एवढी फरशी घातली त्याचं काय. तिला सांग, डिंकाचे लाडू घेऊन ये कराडला. बाळ सव्वा महिन्याचं झालं, वजन धरायला लागलं, की दिवसाउजेडी गाडी करून घाट चढू, आणि पुढचे दोन महिने त्या फरशीवरून हलणार नाही.